बेवारस आकाशाचा सातबारा

संगणकावरील खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या कृतीत स्थळ आहे, काळ आहे आणि जगाविषयी काही एक दृष्टी आहे, तिची चिकित्सा व्हावयास हवी, एवढेच आमचे त्यावर म्हणणे. ‘नो मॅन्स स्काय’ या विज्ञानकाल्पनिक खेळात आम्ही गेला पावसाळा घालविला. सुकाणू नातवाच्या हाती आणि नोंदवही आमच्या हाती, अशी कामाची वाटणी होती.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हॅलो गेम्स’ या लहानशा संस्थेने हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे सूत्रधार शॉन मरी. २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या मंडळींच्या कचेरीत पुराचे पाणी शिरले आणि सामग्री वाहून गेली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीमाई ज्यांच्या माजघरात येऊन गेली, त्या सुरतकरांना यावर अधिक सांगणे नलगे.

खेळाचा पसारा अफाट आहे. त्यात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह असू शकतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या ६४ घरांतील एकूण दाण्यांपेक्षा ही संख्या नेमकी एकाने जास्त भरते. प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद थांबावयाचे म्हटले तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. हे ग्रह कोणी चित्रकाराने एकेक करून रंगविलेले नाहीत, की कोठे साठवूनही ठेवलेले नाहीत. एका आकड्याचे बीज आणि काही सूत्रे यांतून, खेळणारा जवळ येताच, डोंगर, गवत, पशू आणि आकाशाचा रंग उभा राहतो. तो गेला की सारे मिटते. दुसरा कोणी आला तर त्याच बीजातून तेच जग पुन्हा उगवते. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर वाढलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. आम्हांला ती फार सुंदर वाटली.

नायक एका अनोळखी ग्रहावर, मोडक्या यानापाशी जागा होतो. खनिजे खणावयाची, यान दुरुस्त करावयाचे आणि उड्डाण करावयाचे. वाटेत दिसेल त्या झाडाची, जनावराची, दगडाची यंत्राने तपासणी करून नोंद केली की मोबदला मिळतो. त्यांना हवे ते नाव देता येते आणि नोंदीपुढे शोधकर्ता म्हणून आपले नाव लागते. आयुष्याची उमेदीची वर्षे महसूल खात्यात घालविलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटणारच. ही मोजणीच आहे. मात्र मोजणीदार गावात गेला म्हणजे आधी विचारतो, जमीन कोणाची? कब्जा कोणाचा? वहिवाट कधीपासून? या खेळात तो रकानाच नाही. ग्रहावर उतरावे तो तेथे ठाणे असते, ठाण्यात गेक जातीचा व्यापारी दुकान थाटून बसलेला असतो, जवळच एखाद्या प्राचीन देवळासारखा भग्न स्तंभ असतो. आणि तरीही ग्रहाचा ‘शोध’ आम्ही लावला अशी नोंद पडते! व्यापाऱ्यापुढे हरकतीची नोटीस नाही, जाहीरनामा नाही. वसाहतवाद्यांच्या दप्तरांतील जुनी खोड येथे निरागस मुखवटा घालून आली आहे. सेंटिनल नावाचे उडते पहारेकरी बेसुमार खणणाऱ्यावर धावून येतात. नातवाला ते शत्रू वाटले, आम्हांला मात्र खाणखात्याचे प्रामाणिक कर्मचारी वाटले.

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही नष्ट झालेल्या संस्कृतीचे अवशेष सापडतात. तेथे त्या ज्ञानाची किंमत माणसांना चुकवावी लागते, म्हणून वाचक अस्वस्थ होतो. येथे स्तंभाला हात लावला की एक बक्षीस आणि एक शब्द मिळतो. विज्ञान दोन्हीकडे आहे. परिणामाची जबाबदारी एकीकडेच आहे.

त्या शब्दांविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे. गेक, कोर्व्हॅक्स आणि व्हायकीन या तीन जातींच्या तीन भाषा खेळात आहेत. शिळांमधून एकेक शब्द मिळत जातो आणि समोरच्याच्या अगम्य वाक्यात तेवढाच शब्द इंग्रजीत उजळतो. पाचशे शब्द झाले की संभाषण जवळपास उलगडते. कल्पना मोहक आहे, परंतु भाषेविषयीची ही समजूत एकभाषी माणसाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्या घरांना ठाऊक आहे की शब्द कळला म्हणजे भाषा कळली असे होत नाही. नवी सून शेजारणीच्या तोंडी ‘नवरी’ ऐकते आणि बिचकते. शेजारीण केवळ रिकामी आहेस का, एवढेच विचारत असते. शब्द तोच असतो, त्याचे घर निराळे असते. खेळातील भाषेला असे घरच नाही. आमच्या नातवाला गेकांचे शेकडो शब्द येतात; ‘माजघर’ आणि ‘वहिवाट’ मात्र याच लेखासाठी आम्हांला त्याला समजावून सांगावे लागले. दोष खेळाचा नाही. पण परक्या शिळेपाशी धावत जाण्याची जी ओढ या खेळाने त्याच्यात उत्पन्न केली, ती आपल्या मराठी वाचनमालांना का साधली नाही, याचा विचार मंडळाने करावा असे वाटते.

प्रसिद्धीच्या वेळी या खेळावर मोठा गदारोळ झाला. एकाच ठिकाणी पोहोचलेले दोन प्रवासी परस्परांना दिसेनात. तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियामकांपर्यंत गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या फेटाळल्या गेल्या. पुढे संस्थेने विनामूल्य सुधारणा चालू ठेवल्या, जुलै २०१८ मध्ये सहप्रवाशांची सोय झाली. सर्वांना ही प्रगती वाटते. आमचा कौल पहिल्या रूपाला आहे. कोट्यवधी ताऱ्यांत कोणी भेटत नाही, हे त्या आकाशाचे खरे वर्णन होते.

२०२१ मध्ये वस्त्या आल्या. तेथे खेळणाऱ्यास कारभारी नेमतात. रहिवाशांचे तंटे त्याच्यापुढे येतात आणि दोन पर्यायांतून एक निवडून निकाल द्यावयाचा असतो. आम्ही एका सायंकाळी सहा निकाल दिले. वकील नव्हते, पंचनामा नव्हता, आणि हरलेल्यांपैकी कोणीही अपिलात गेला नाही.