अश्वत्थाम्याचे आयुष्य

नरकचतुर्दशीला अभ्यंगाआधी आमच्याकडे सात चिरंजीवांच्या नावाने तेलाचे सात ठिपके जमिनीवर टेकवतात. पहिला ठिपका अश्वत्थाम्याचा. ज्याला शाप म्हणून आयुष्य मिळाले, त्याचेच नाव घेऊन मुलाला दीर्घायुष्य चिंतायचे, ही विसंगती मला पुष्कळ वर्षे खटकत होती. म्हणून सौप्तिक पर्वातला तो प्रसंग पुन्हा वाचला.

तिथे अमरत्व नाहीच. कृष्ण मुदत सांगतो : ३,००० वर्षे. ती युगान्तापर्यंत वाढली नंतरच्या परंपरेत. त्याच भाषणात तो परीक्षितालाही आयुष्य देतो. परीक्षित ६० वर्षे पृथ्वीचे पालन करील. ६० वर्षे हा वर आणि ३,००० वर्षे हा शाप! मग शापाचा भार कशावर आहे? सोबतीला कोणी नसेल, कोणाशी बोलणे होणार नाही, अंगाला पू-रक्ताची दुर्गंधी येईल, माणसांत थारा मिळणार नाही. यावर अश्वत्थामा तिथे असलेल्या व्यासांना सांगतो, की मी तुमच्यासह माणसांतच राहीन. निरूपणांत हे उत्तर सहसा ऐकू येत नाही. मला मात्र त्या अध्यायातले हेच सर्वांत करुण वाटते.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच प्रश्नासाठी कारेल चापेक यांच्या १९२२ च्या नाटकातली एलिना माक्रोपुलोस घेतली. वय ३४२, त्यांपैकी ३०० वर्षे ती बेचाळिशीतच थबकलेली. तिला कशाचेच काही वाटेनासे झाले आहे. विल्यम्स म्हणतात, स्वभाव तोच राहिला तर त्याला साजेसे सारे कधीतरी घडून जाणार आणि कंटाळा अटळ. स्वभाव पार पालटला तर पुढे जगणारा तो 'मी' कसा? युक्तिवाद भक्कम आहे, पण त्यात माणूस एकटाच धरलेला दिसतो. एलिनाला नावे बदलत जगावे लागते, खरी हकीकत कोणाला सांगता येत नाही. हे नाटकातच आहे. विल्यम्स यांचा भर मात्र तिच्या आतल्या थिजण्यावर. ती थिजली ती आयुष्य लांबले म्हणून, की बोलणे तुटले म्हणून?

आपल्याकडचा दुसरा चिरंजीव पाहा. उत्तरकांडात हनुमानाचे आयुष्य जगात रामकथा चालू असेतो आहे. कोणी म्हणेल, 'कायमचे' म्हणण्याची ही नुसती काव्यरीत. असेलही. तरी माप वर्षांचे न घेता कथेचे, म्हणजे सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांचे घेतले, हे नजरेआड करण्यासारखे नाही. अश्वत्थाम्याकडून काढून घेतले ते नेमके हेच. आयुष्य निव्वळ आयुष्य म्हणून हवेसे की नकोसे, हे दोन्ही ठिकाणी ठरवलेले नाही. सोबत कोण, एवढे ठरवले आहे.

लोकांनी तर शापही पुरता पाळला नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढून जातात. सातपुडा-नर्मदेच्या परिसरातल्या कथांत तो भाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, म्हणजे त्या निमित्ताने का होईना, माणसांशी बोलतो. त्या कथांत त्याने कोणाकडे मरण मागितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.