खापर फाशांवर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पनवेलला काकांकडे गणपतीची दुसरी रात्र. आरती, जेवणं, भजन आटोपलं आणि हॉलमध्ये सतरंजी पसरून तीन पत्तीचा डाव बसला. बूट दहा रुपयांचा. दोनच्या सुमाराला मला बदामचा एक्का आला. त्याच्या पाठीवर एका कोपऱ्यात नखाने दाबल्यासारखी बारीक रेघ होती. थोड्या वेळाने शो झाला, समोरच्याकडे इस्पिकचा एक्का निघाला, त्याच्याही त्याच कोपऱ्यात तशीच रेघ. मग किलवरचा. चौथा एक्का शोधायची माझी हिंमत झाली नाही.

कॅट जुना होता. रेघा कुणी मुद्दाम ओढल्या की वापरून पडल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मी गप्प राहिलो. घर काकांचं, कॅट घरातलाच, बसलेले बहुतेक सगळे माझ्याहून मोठे. पहाटेपर्यंत माझा धाकटा चुलतभाऊ साडेचार हजार हरला, पहिल्या पगारातले. खाली बाईकपाशी आल्यावर म्हणाला, "शकुनी बसलेला रे वरती."

त्या वाक्याने त्याचं समाधान झालं. माझंही झालं, आणि तेच नंतर खटकायला लागलं. फसवणुकीचा संशय आला की आपल्याला लगेच शकुनी का आठवतो? आणि तो आठवला की आपलं काम संपल्यासारखं का वाटतं?

आपल्यापैकी बहुतेकांचा शकुनी म्हणजे गुफी पेंटल. बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका दूरदर्शनवर १९८८ ते १९९० चालली. आपल्या पिढीने ती २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाहिली, नाहीतर तुकड्यातुकड्याने फोनवर. पेंटल यांचं काम जबरदस्तच आहे. तो लंगडा, मिचमिच्या डोळ्यांचा मामा, हातात सतत फासे. पण त्या कामाच्या ताकदीमुळेच एक घोटाळा होतो. सगळी द्यूतसभा त्या एका हातात येऊन बसते. भरीला आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट आहेच : ते फासे शकुनीच्या बापाच्या हाडांचे होते, म्हणून त्याचं ऐकायचे. गोष्ट भारी आहे, रीलसाठी तर फारच. पण व्यासांच्या सभापर्वात ती नाही.

सभापर्वात जे आहे ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. विदुर निमंत्रण घेऊन येतो तेव्हा युधिष्ठिर आधी विचारतो, खेळायला कोण कोण आहे? नावं ऐकून म्हणतो, हे तर कपटी जुगारी गोळा केलेत. तरी जातो. सभेत बसल्यावर शकुनीला तोंडावर सांगतो की कपटाने खेळणं पाप आहे. शकुनीचं उत्तर थंड डोक्याचं आहे : जाणकार माणूस अडाण्याला हरवतो ते सगळीकडे असंच, भीती वाटत असेल तर उठ. युधिष्ठिर म्हणतो, आव्हान दिल्यावर मी माघार घेत नाही. मग कळतं की पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं बरोबर वाटत नाही, एवढं नोंदवून तो खेळायला लागतो.

म्हणजे संशय पहिल्या फाशाच्या आधीपासून होता, आणि उघड बोलला गेला होता. कमी पडलं ते त्याच्या पुढचं पाऊल. विदुर मध्येच उठून हा खेळ थांबवा म्हणून विनवतो. दुर्योधन त्याचा अपमान करतो. थांबवायचा अधिकार धृतराष्ट्राकडे होता, पण जिंकत होता त्याचा मुलगा. तो फक्त विचारत राहतो, जिंकलं का, जिंकलं का?

त्या सभेला अडवते ती द्रौपदी, आणि तिचा प्रश्न फाशांबद्दल नाहीच. ती विचारते : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता की मला? स्वतःचाच मालक न राहिलेला माणूस दुसऱ्याला पणाला कसा लावतो? हा नियमांचा प्रश्न आहे. फासे खोटे होते हे सिद्ध करायची तिला गरज पडत नाही. भीष्मालाही सरळ उत्तर देता येत नाही ते यामुळेच.

हाडांच्या फाशांची गोष्ट हा सगळा भाग पुसून टाकते. फासेच मंतरलेले म्हटल्यावर युधिष्ठिर बिचारा, सभा हतबल आणि दोषी एकटा मामा.

पण खूण कुणी केलेलीच नसेल तर? २०१२ साली फिल आयव्ही हा नावाजलेला पोकर खेळाडू लंडनच्या क्रॉकफोर्ड्स कॅसिनोत पुंतो बांको खेळला आणि सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना दोन्ही कडांना अगदी सारखी आली नव्हती. आयव्हीच्या जोडीदारणीने अंधश्रद्धेचं निमित्त सांगून डीलरकडून ठरावीक पत्ते उलट दिशेला फिरवून घेतले. त्याने पत्त्यांना हातही लावला नव्हता. कॅसिनोने पैसे दिले नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : आपण लबाडी करत नाही असं त्याला मनापासून वाटत असलं, तरी ही लबाडीच.

या खटल्यात मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कॅसिनोकडे रेकॉर्डिंग होतं, वकील होते आणि मुख्य म्हणजे पैसे अजून त्यांच्याच ताब्यात होते. संशय खरा करून बघायला ताकद लागते. सतरंजीवर बसलेल्या, पहिला पगार झालेल्या पोराकडे ती नसते. अॅपवर तर पत्ते पिसणाराही दिसत नाही. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तोवर आपल्यातले कितीतरी जण हरल्यावर अॅपला शिव्या देऊन पुढचा डाव उघडत होते. युधिष्ठिराने तरी काय वेगळं केलं? वनवासाच्या पणाचा दुसरा डाव मांडला, तेव्हा तो परतीच्या वाटेवरून माघारी आला होता.

महाभारताला यावरचा उपाय माहीत आहे. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. नळही द्यूतात सगळं हरलेला. ऋतुपर्ण राजाचा सारथी असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसत्या नजरेने त्याची पानं-फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो. राजाला घाई आहे, दमयंतीचं स्वयंवर गाठायचंय, पण नळ म्हणतो, मी मोजून बघणार. मोजतो. आकडा बरोबर निघतो, आणि मग राजाकडून तो अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या शिकतो. गोष्ट संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. नळाच्या अंगात कली शिरला होता, तरी गोष्ट कलीला शिव्या देऊन संपत नाही. रथ थांबवून मोजणारा माणूस ती दाखवते. आपल्या मालिकांना, रीलना हा प्रसंग कधी शकुनीइतका मोठा वाटला नाही, ही माझी तक्रार.

गेल्या गणपतीत मी दोन कोरे कॅट घेऊन गेलो, एक लाल, एक निळा. म्हटलं, दर तासाला बदलायचा, आणि मध्येच कुणीही मागितला तरी बदलायचा, कारण विचारायचं नाही. काका म्हणाले, "कुणावर संशय आहे का तुझा?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर आत्ता सांगतोय."

ते जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनीच लाल कॅट फोडला. अकराच्या सुमाराला चुलतभावाने निळा मागितला, आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.