नांदेडचा बंदाघाट : स्थलनामाचें प्रामाण्य

गोदातीरीं नांदेड येथें बंदाघाट ह्या नांवाचा गुरुद्वारा आहे. बंदा बहादूर हा पूर्वीं माधोदास बैरागी असतां त्याचा मठ ह्याच जागीं होता, व इ. स. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंहांची व त्याची भेट येथेंच झाली, अशी परंपरा आहे. परंपरेचा अनादर करण्याचें कारण नाहीं. परंतु केवळ ह्या नांवावरून मठाचें स्थान व काळ सिद्ध झाला असें म्हणणें चिकित्सेस टिकत नाहीं.

नांवांचा क्रमच पाहावा. राजौरीचा लक्ष्मणदेव बैरागी होऊन माधोदास झाला व त्या नांवानें नांदेडास राहिला. ‘बंदा’ हें अभिधान त्यास गुरुभेटीनंतर मिळालें. पुढें लवकरच तो पंजाबाकडे गेला व इ. स. १७१६ मध्यें दिल्लीस मारला गेला. म्हणजे मठांत नांदला तो माधोदास. ‘बंदा’ झाला त्यानें मठ सोडला. सबब प्रस्तुत स्थलनाम वास्तव्याच्या काळचें नसून कीर्तीनंतरचें होय. तें लोकस्मृतीचा पुरावा आहे, वास्तूच्या काळाचा नव्हे.

ह्यावरून शोधाची दिशा बदलते. इ. स. १७०८ पूर्वींच्या कागदांत ‘बंदाघाट’ धुंडाळणें व्यर्थ होय. तेथें ‘माधोदास’, ‘माधवदास’ किंवा नुसता ‘बैराग्याचा मठ’ असा उल्लेख शोधावा. उलटपक्षीं, फारसी अर्जांत अर्जदार स्वतःस ‘बंदा’, म्हणजे सेवक, असें सर्रास म्हणवितो. तो शब्द दिसतांच बंदा बहादूर सांपडला असें मानूं नये.

समकालीन साधनांचा अगदींच अभाव आहे असेंही नाहीं. कामबक्षावरील मोहिमेनिमित्त बहादूरशहाची छावणी त्या वर्षीं दक्षिणेंत होती. गुरूंच्या निधनानंतर त्यांची जंगम मालमत्ता जप्त न करण्याविषयीं बादशहानें दिलेला हुकूम दरबारच्या अखबारांत नमूद आहे. निजामी अमदानींतील इनामी कागद हैदराबादच्या दप्तरांत पाहावे लागतील.

परंतु निर्णायक पुरावा निघाला तर तो बहुधा खासगी रुमालांतूनच निघेल. ज्यांच्या संग्रहीं नांदेडच्या नदीकांठच्या जागांच्या सनदा, मुंतखब वा खरेदीखतें असतील, त्यांनीं मालकाच्या नांवाआधीं चतुःसीमा व मिती उतरून घ्यावी. घराचें नांव पिढीगणिक पालटतें. पूर्वेस नदी कीं रस्ता, हें सहसा पालटत नाहीं. ती चतुःसीमा जुळेपर्यंत बंदाघाटास पूज्य स्थान म्हणावें. माधोदासाचें सिद्ध झालेलें घर म्हणूं नये.