शोकाला किती पाने?

जोडीदाराच्या मृत्यूने खचून गेलेल्या माणसाच्या आयुष्यात पुन्हा प्रेम येते आणि त्या प्रेमाच्या उबेत जुनी जखम भरून निघते, अशा आशयाच्या कादंबऱ्यांना आज मोठा वाचकवर्ग लाभला आहे. इंग्रजी शाळांत शिकलेली आपली मुलेमुली त्या आवडीने वाचतात. त्यांच्या आयाही वाचतात. समीक्षक मात्र ‘हळवे लेखन’ असा शिक्का मारून त्या बाजूला सारतात. हा तुच्छभाव योग्य नाही. ज्या घरातले एक ताट कायमचे कमी झाले आहे, त्या घरातील माणूस अशा पुस्तकाकडे करमणुकीसाठी वळत नाही. ‘पुन्हा जगता येते का, आणि जगलो तर गेलेल्याशी प्रतारणा होते का?’ हे त्याला विचारायचे असते. प्रश्न इतका गंभीर असेल तर उत्तर देणाऱ्या पुस्तकाचीही परीक्षा गंभीरपणे व्हायला हवी. त्या परीक्षेच्या दोन कसोट्या मला महत्त्वाच्या वाटतात. कादंबरीने शोकाला किती पाने दिली, ही पहिली. नव्या संसारात गेलेल्या माणसाला कोठे जागा दिली, ही दुसरी.

या दोन्ही कसोट्या आपल्या पवित्र ग्रंथातूनच मिळतात. जुन्या करारातील रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. पहिल्या पाच ओव्यांतच घरातले तीन पुरुष मरण पावतात आणि तीन विधवा मागे उरतात. पण नामीचा शोक तेवढ्यात उरकला जात नाही. बेथलेहेमात परतल्यावर ती आपले गोड अर्थाचे नाव टाकून कडूपणाचे नाव मागते, आणि तिच्या या कडवटपणाबद्दल कोणी तिला उपदेश करीत नाही. पुढे रूथ आणि बवाज यांचा विवाह होतो, तोही मृताचे नाव त्याच्या वतनातून पुसले जाऊ नये असे वेशीवरच्या वडीलधाऱ्यांसमक्ष सांगून. जन्मलेले बाळ विसावते ते नामीच्या कुशीत. दुसरे लग्न म्हणजे पहिल्या घरावर टाकलेला पडदा, असे हे पुस्तक मानीत नाही. तोबितच्या ग्रंथातील साराचे सात पती लग्नाच्या रात्रीच दगावले आहेत. ती मरण मागते, आणि देव तिला तोबियाचा हात देतो. त्या दोघांचा संसार सुरू होतो तो प्रार्थनेने.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत निःसंदिग्ध आहे. मृत्यूने विवाहाचे बंधन सुटते आणि मागे राहिलेला जोडीदार पुन्हा विवाह करण्यास मोकळा असतो, हे संत पौलाने रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट आहे. एकाकी राहणे त्याला अधिक हितावह वाटते. तरी तो त्याची सक्ती करीत नाही. तर्तुल्यनासारख्या विद्वान लेखकाने उत्तरायुष्यात दुसऱ्या विवाहाला कडाडून विरोध केला, पण ख्रिस्तसभेने त्याचे मत स्वीकारले नाही. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने तर आठव्या नियमात असे ठरविले की स्वतःला ‘शुद्ध’ म्हणविणाऱ्या पंथीयांना ख्रिस्तसभेत परतायचे असेल, तर दुसरा विवाह केलेल्यांशी सहभागिता राखण्याचे त्यांनी लेखी मान्य करावे. सतराशे वर्षांपूर्वीचा हा निर्णय आहे. तरीही वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर सहा महिन्यांत एखाद्या विधुराचे लग्न ठरले की आपण कौतुकाने बोलतो, आणि विधवेचे ठरले की आवाज खाली आणतो. शिकवण आणि व्यवहार यांतील हे अंतर जिथे दिसते, तिथेच साहित्याचे काम सुरू होते.

मराठी कादंबरीचा आरंभच या विषयाने झाला आहे, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांना असेल. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा त्याआधी एकच वर्ष, १८५६ मध्ये, झाला होता. बाबा पदमनजी आपल्या पंथाचे नव्हेत. ते प्रॉटेस्टंट होते आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांची यमुना पती विनायकराव याच्यासह प्रवासाला निघते, वाटेत तिला अनेक विधवांच्या करुण कहाण्या कळतात, आणि पुढे तिच्यावरही तोच प्रसंग ओढवतो. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. त्या काळी हा शेवट लिहिणे हेच मोठे धाडस होते आणि त्याबद्दल पदमनजींचे ऋण मानलेच पाहिजे. तथापि कादंबरी म्हणून पाहता एक उणीव जाणवते. इतर विधवांच्या दुःखासाठी हात सैल सोडणारा लेखक यमुनेच्या स्वतःच्या शोकापाशी फार थांबत नाही. तिचा दुसरा विवाह हा लेखकाच्या युक्तिवादाचा निष्कर्ष म्हणून येतो. तिच्या मनाच्या वाटेने तो येत नाही. दुसरा पती कसा हसतो, कसा रागावतो, पहिल्याची आठवण निघाली की काय करतो, हे आपल्याला कळत नाही.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. योगायोग असा की तिच्या नायिकेचे नावही यमूच आहे. येथे शोकाला भरपूर पाने मिळाली आहेत. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. रघुनाथरावांसोबतच्या थोड्या सुखाच्या दिवसांचे वर्णन इतके जिवंत आहे की ते गेल्यावर वाचकाच्याही घरात अंधार होतो. मग सक्तीचे केशवपन, सासरचा छळ आणि मृत्यू. आपट्यांनी यमूला दुसरे प्रेम दिले नाही, कारण त्यांना समाजासमोर आरसा धरायचा होता आणि त्या आरशात तसे काही दिसत नव्हते. अशा रीतीने मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावर दोन यमुना उभ्या आहेत. एकीला विवाह मिळाला, पण शोक करायला सवड मिळाली नाही. दुसरीला शोक मिळाला, पण त्यातून बाहेर पडायला दार मिळाले नाही.

जे कादंबरीला साधले नाही, ते त्याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील दोन माणसांनी जगून दाखविले. देवरूखच्या गोदूबाई जोशी आठव्या वर्षी विधवा झाल्या. तारुण्यात भावाबरोबर त्या मुंबईस आल्या आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी उघडलेल्या शारदासदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात या दोघांचा विवाह झाला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्या वेळी राधाबाईंचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. म्हणजे या घरात मृत व्यक्तीची जागा कोठे, हा प्रश्न चर्चेचा नव्हता. तो रोज जेवायला बसत होता.

गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांनी, उतारवयात आपली हकीकत सांगितली. ‘माझे पुराण’ या नावाने ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेमाची भाषणे नाहीत. कर्वे मिळेल ते आश्रमाला वाहून टाकीत असताना आपण संसार कसा रेटला, हे त्या तक्रारीसह, मिस्किलपणे सांगतात. पण त्या तक्रारीतच बरे झालेल्या मनाची खूण आहे. ज्या बाईला आठव्या वर्षापासून आवाज नव्हता, ती नवऱ्यावर हक्काने रागावते आहे! जखम भरणे म्हणजे काय, याचे याहून खरे चित्र मला मराठीत आढळलेले नाही. ते बरे होणे एका चुंबनाने झालेले नाही. त्याला शिक्षण, काम, मुले, वाद आणि वर्षे लागली.

ही फूटपट्टी हाती घेऊन आजच्या दोन गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांकडे पाहता येईल. सिसिलिया अहर्न यांच्या ‘पी. एस. आय लव्ह यू’ (२००४) मध्ये जेरी हा तरुण मेंदूतील गाठीने मरतो. आपल्या पत्नीसाठी, हॉलीसाठी, त्याने महिन्याला एक अशी पत्रे लिहून ठेवलेली असतात. कल्पना गुळचट आहे हे खरे. तरी पहिल्या कसोटीला ही कादंबरी उतरते. हॉलीला शोकासाठी जवळजवळ वर्ष मिळते. ती चिडते, घर पसरून ठेवते, मैत्रिणींच्या सुखाचा हेवा करते, आणि घाईघाईने दुसऱ्या लग्नात पुस्तक संपत नाही. दोष इतकाच की शोकाची वाट मृतानेच आखून ठेवलेली आहे. खऱ्या आयुष्यात अशी पत्रे येत नाहीत. तिथे येते ती बँकेची सूचना.

निकोलस स्पार्क्स यांच्या ‘मेसेज इन अ बॉटल’ (१९९८) मध्ये विधुर गॅरेट आपल्या मृत पत्नीला पत्रे लिहून, बाटल्यांत घालून समुद्रात सोडतो. त्यातली एक थेरेसाला सापडते. या कादंबरीत दुसरी कसोटी प्रामाणिकपणे मांडलेली आहे, कारण गॅरेटला दोघींत निवड करावी लागेल असे वाटते आणि त्या ओढाताणीत तो तुटतो. पण तो पहिल्या पत्नीचा निरोप घेण्याच्या टोकाला पोचला की लेखक त्याला वादळात बुडवितो. अवघड भाग होता तो पुढचा. थेरेसाने त्या घरात राहायचे, पहिलीची छबी भिंतीवर ठेवायची की नाही हे ठरवायचे. लेखकाने मरणाचा सोपा मार्ग पत्करला आणि वाचकाला रडवून मोकळा केला. मृत आणि जिवंत यांना प्रतिस्पर्धी मानणे हीच येथील मूळ चूक आहे. सात भावांची पत्नी झालेली स्त्री पुनरुत्थानात कोणाची, असे सदूकींनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने ही मालकीची भाषाच नाकारली. गेलेल्याला देवाच्या हाती सोपवता येते. त्यासाठी त्याला हृदयातून हाकलावे लागत नाही.

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर आपल्या किनाऱ्याकडेही पाहू. रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी सागराला मिळते तेथे पूर्णगड आहे. टेकडीवर लहानसा किल्ला, पायथ्याला खाडी आणि मासेमारीवर जगणारी वस्ती. अशा गावांतून विधवेचे दुःख कमी नसते. मात्र तिला दुसऱ्या घराचे दार पूर्वीपासून पूर्ण बंदही नव्हते. यमुनेच्या उच्चवर्णीय घरात जे निषिद्ध होते, ते अनेक कष्टकरी जातींत ‘पाट’ या नावाने चालत आले होते, जरी तो विधी बहुधा रात्री, गाजावाजा न करता उरकला जाई. या स्त्रियांचे प्रेम, त्यांचा संकोच, पहिल्या नवऱ्याच्या मुलांना घेऊन दुसऱ्या घरात टाकलेले पाऊल, यांवर आमच्या कादंबरीने फारसे लक्ष दिलेले नाही.

त्यातही एक दुःख सर्वांत अबोल आहे. होडी परत येत नाही आणि प्रेतही हाती लागत नाही. अशा स्त्रीने शोक कधी सुरू करायचा? सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत समजावा, असे देशाचा पुराव्याचा कायदा मानतो. ख्रिस्तसभेचा कायदा केवळ दीर्घ अनुपस्थितीवर समाधान मानीत नाही. परिस्थितीचा तपास करून मृत्यूची नैतिक खात्री पटल्यावरच बिशप तसे घोषित करू शकतात. वरवर कठोर वाटणाऱ्या या नियमात माणसाच्या मनाची मोठी जाण आहे: खात्रीशिवाय निरोप देता येत नाही. नारळी पौर्णिमेला इतरांच्या होड्या पाण्यात लोटल्या जात असताना किनाऱ्यावर उभी राहणारी ती स्त्री, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेला एखादा साधा माणूस, हा खरा कादंबरीचा विषय आहे. तो बाटलीतून परदेशातून वाहत येण्याची गरज नाही. पूर्णगडपासून वसईपर्यंत तो आपल्याच वाळूवर उभा आहे.

तेव्हा या कादंबऱ्या घरात येऊ द्याव्यात, वाचाव्यात आणि वाचून झाल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारावेत. ज्या पुस्तकात अश्रू तिसऱ्या पानावर सुकतात आणि दहाव्या पानावर देखणा पाहुणा दारात उभा राहतो, ते दुःखिताची फसवणूक करते. ज्यात मृत जोडीदार दुष्ट ठरवून नव्या प्रेमाची वाट मोकळी केली जाते, ते गेलेल्याचीही फसवणूक करते. नोव्हेंबरात आपण दफनभूमीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. पुन्हा विवाह केलेली स्त्री पहिल्या पतीच्या थडग्याशी मेणबत्ती लावीत असेल आणि तिचा दुसरा पती वाऱ्याला हाताचा आडोसा धरीत असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या लेखकांनी तेथवर यावे, आणि ते येईपर्यंत आपण निदान कुजबुज थांबवावी.