‘लॉली विलोज’च्या पलीकडची सिल्व्हिया

विस्मरणात गेलेल्या लेखिकांना पुन्हा वाचकांसमोर आणण्याचं काम इंग्लंडमध्ये साडेचार दशकांहून अधिक काळ नेटाने चाललं आहे. विरागोची ‘मॉडर्न क्लासिक्स’ मालिका १९७८मध्ये सुरू झाली, पर्सेफनी बुक्स १९९९मध्ये निघालं, अलीकडे ब्रिटिश लायब्ररीनेही अशी मालिका काढली. या प्रकाशकांचं ऋण मोठं आहे. पण बहुतेकींच्या वाट्याला येतं ते एखादंच पुस्तक, तेही आजच्या प्रश्नांना चटकन उत्तर देणारं. बाकीचं लेखन अंधारातच राहतं. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरच्या (१८९३–१९७८) बाबतीत हे फार खटकतं.

‘लॉली विलोज’ (१९२६) ही तिची पहिली कादंबरी. भावाच्या संसारात वर्षानुवर्षं आत्या म्हणून राबलेली लॉरा एक दिवस चिल्टर्नच्या टेकड्यांतल्या खेड्यात एकटी राहायला निघून जाते. तिथेही भाचा येऊन गळ्यात पडतो, तेव्हा ती सैतानाच्या आश्रयाला जाते, चेटकीण होते. व्हर्जिनिया वुल्फने स्त्रीसाठी स्वतंत्र खोली मागितली त्याच्या तीन वर्षं आधीची ही कादंबरी. तिचं कौतुक होतं ते योग्यच आहे. मात्र वॉर्नरची खरी ताकद कळते ती ‘द कॉर्नर दॅट हेल्ड देम’मध्ये (१९४८).

चौदाव्या शतकातला इंग्लंडच्या पूर्वेकडचा नन्सचा एक दरिद्री मठ, ओबी त्याचं नाव. १३४९च्या प्लेगपासून १३८१च्या शेतकरी उठावानंतरपर्यंतचा काळ. कादंबरीला नायिका नाही, कथानक म्हणावं असंही काही नाही. मठाधिपती बायका येतात, मरतात, नव्या निवडल्या जातात. एकीला मनोरा बांधायचा ध्यास लागतो आणि मठाची तिजोरी रिती होते. प्लेगच्या धामधुमीत राल्फ केलो नावाचा भटक्या आपण धर्मगुरू आहोत असं खोटंच सांगून आत शिरतो आणि पुढे आयुष्यभर तिथले संस्कार करत राहतो. त्याच्या खोटेपणाने या बायकांचा मोक्ष बुडाला का, हा प्रश्न वॉर्नर निवाडा न करता तसाच उभा ठेवते. तिला रस आहे तो खंडाच्या वसुलीत, धान्यात, हुंड्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मार्क्सवादी विचार पचवून तिने हे लिहायला घेतलं, आणि अध्यात्माच्या घराचा जमाखर्च इतक्या सहानुभूतीने मांडणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

त्यात एक प्रसंग आहे. हेन्री येलोलीज हा पाद्री प्रवासात एका कुष्ठालयात मुक्काम करतो आणि तिथे त्याला फ्रेंच संगीतकार माशोचं नव्या धाटणीचं संगीत ऐकायला, गायला मिळतं. कादंबरी लिहिण्याआधी वॉर्नरने सुमारे दहा वर्षं ट्यूडरकालीन चर्चसंगीताच्या दहा खंडांच्या संपादनात काढली होती. जुन्या हस्तलिखितांतून स्वर जुळवणाऱ्या बाईलाच तो आनंद असा उभा करता येतो.

मग ती मागे का पडली? माझ्या मते मुख्य कारण तिच्या लेखनातच आहे. तिचं कुठलंच पुस्तक आधीच्यासारखं नाही. ‘मिस्टर फॉर्च्युन्स मॅगट’मध्ये दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा मिशनरी, ‘समर विल शो’मध्ये १८४८च्या क्रांतीतलं पॅरिस आणि नवऱ्याच्याच प्रेयसीवर जीव जडलेली सोफिया. अशा लेखिकेला कुठल्या कप्प्यात ठेवायचं, हे समीक्षेला उमगलं नाही. शिवाय ती कम्युनिस्ट पक्षात गेली, यादवी युद्धाच्या काळात स्पेनला जाऊन आली, आणि जोडीदार कवयित्री व्हॅलेंटाइन ॲकलंडसोबत तिने डॉर्सेटमध्ये, लंडनच्या साहित्यिक वर्तुळापासून दूर, आयुष्य काढलं. तिच्या कथा छापल्या जात त्या मुख्यतः अमेरिकेत, ‘न्यू यॉर्कर’मध्ये.

या कथा नव्याने वाचायला हव्यात. १९६९मध्ये ॲकलंड गेली. त्यानंतर, ऐंशीच्या घरात असताना, वॉर्नर माणसं सोडून पऱ्यांकडे वळली. ‘किंग्डम्स ऑफ एल्फिन’ (१९७७) हा कथासंग्रह मुलांसाठी नाही. या राज्यांतल्या पऱ्या थंड, लहरी, निर्दय आहेत. पंख सगळ्यांनाच आहेत, पण उडणं हे चाकरांचं काम, म्हणून उच्चकुलीन पऱ्या उडत नाहीत. ओबीच्या मठाचा हिशेब मांडणारी तीच नजर इथेही आहे, फक्त तिच्यातली माया पार आटली आहे.