नागरी-लष्करी सहकार्य : मुंबईविषयक तीन अहवालांचे पुनर्वाचन

आंतरराष्ट्रीय संबंध व संरक्षणशास्त्र यांच्या अध्यापनात ‘नागरी-लष्करी सहकार्य’ ही संकल्पना बहुधा बोस्निया, कोसोव्हो आणि अफगाणिस्तान येथील उदाहरणांच्या आधारे मांडली जाते. ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. तथापि त्यांतून तयार झालेली चौकट भारतीय महानगराला लावली असता ती अनेक ठिकाणी अपुरी पडते. मुंबईने १९९२-९३, २००५ आणि २००८ या वर्षांत तीन मोठी संकटे अनुभवली. तिन्ही वेळा लष्कर अथवा लष्करी स्वरूपाची दले शहरात आली आणि तिन्ही संकटांनंतर चौकशी झाली. श्रीकृष्ण आयोग, चितळे समिती व प्रधान समिती यांचे अहवाल या संकल्पनेच्या दृष्टीने क्वचितच एकत्र वाचले जातात.

प्रथम संकल्पनेचा उगम पाहणे आवश्यक आहे. डिसेंबर १९९५ मध्ये ‘नाटो’च्या फौजा बोस्नियात उतरल्या, तेव्हा स्थानिक प्रशासन, निर्वासित आणि मदत संस्था यांच्याशी व्यवहार कसा करावा, हा प्रश्न सेनापतींपुढे उभा राहिला. त्यातून जी तत्त्वप्रणाली आकारास आली, तिच्या केंद्रस्थानी लष्करी मोहीम आहे. नागरी घटकांशी सहकार्य हे त्या मोहिमेला पूरक मानले जाते. याउलट १९९४ ची आणि पुढे २००६-०७ मध्ये सुधारलेली ‘ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे’ मदतकार्याच्या बाजूने विचार करतात. तुल्यबळ नागरी पर्याय नसेल तेव्हाच, म्हणजे शेवटचा उपाय म्हणूनच, परकीय लष्करी साधने वापरावीत, असे ती सांगतात. दोहोंचा दृष्टिकोन परस्परविरोधी असला तरी गृहीतक एकच आहे : लष्कर बाहेरून आलेले आहे. मुंबईत ते बाहेरचे नाही. कांदिवलीचा ऑर्डनन्स डेपो, घाटकोपरचे नौदल साहित्य भांडार, मालाडजवळील आयएनएस हमला आणि कालिना येथील लष्करी छावणी ही उपनगरांच्या वस्तीत मिसळलेली ठिकाणे आहेत. (एरवी उपनगरवासीयाचा या आस्थापनांशी संबंध येतो तो इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी. संरक्षण मंत्रालयाच्या २०११ च्या परिपत्रकानंतर ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ हाच येथील नागरी-लष्करी संवादाचा सर्वांत परिचित प्रकार ठरला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.)

भारतीय व्यवस्थेचे मूळ ‘मुलकी सत्तेला साहाय्य’ या वसाहतकालीन कल्पनेत आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३० व १३१ आणि १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४९ व १५० यांत ती आजही टिकून आहे. जमाव पांगविण्यासाठी सशस्त्र दलाची मागणी दंडाधिकाऱ्याने करावयाची. ती कोणत्या रीतीने पार पाडावयाची हे लष्करी अधिकाऱ्याने ठरवावयाचे, मात्र बळाचा वापर कमीत कमी ठेवावयाचा. काय करावयाचे हे मुलकी सत्तेने सांगावे आणि कसे करावयाचे हे सैन्याने पाहावे, अशी ही विभागणी आहे. ती सुबोध आहे, परंतु एका अटीवर : मुलकी सत्तेला काय हवे आहे, हे तिला स्वतःला माहीत असले पाहिजे.

ही अट पुरी झाली नाही म्हणजे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट विवेचन श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात आढळते. जानेवारी १९९३ च्या दंगलीत लष्कर मुंबईत उपलब्ध होते. त्याच्या तुकड्या रस्त्यांवर संचलनही करीत होत्या. त्या संचलनाचा दंगलखोरांवर परिणाम झाला नाही आणि लष्कराचा परिणामकारक उपयोग करण्याचा आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांचे चार मोलाचे दिवस वाया गेले, असा निष्कर्ष आयोगाने नोंदविला. जोगेश्वरीतील राधाबाई चाळीची घटना याच दिवसांतील आहे. येथे न्यूनता सैन्यबळाची नव्हती, न्यूनता आदेशाची होती. आयोगाच्या अहवालावरील चर्चा दंगलीची जबाबदारी कोणाची या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. तो प्रश्न मोठाच आहे. परंतु त्यामुळे प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी अहवालाचा हा भाग जवळजवळ दुर्लक्षिला.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत न्यूनता निराळी होती. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात ७५ मि.मी.पेक्षाही कमी. मंत्रालय, महापालिकेचे मुख्यालय आणि नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय ही सारी दक्षिण टोकाला. निर्णय घेणाऱ्यांच्या खिडकीबाहेर साधा पावसाळा होता आणि उपनगरांत प्रलय. साकीनाका येथे दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे दगावली, विमानतळ बंद पडला, दूरध्वनी निकामी झाले. केवळ सात महिन्यांपूर्वी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतीय नौदलाने श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया येथे मदत पोहोचविली होती आणि त्या कामगिरीचे जगभर कौतुक झाले होते. इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर पोहोचण्याची क्षमता असलेल्या व्यवस्थेला कुर्ला आणि अंधेरीत नेमके काय घडत आहे, याचे चित्र वेळेवर मिळाले नाही. सैनिकी दलांची मदत पुढे घेण्यात आलीच. परंतु मागणी करावयाची तर ती कोठे, कशासाठी व किती, हे सांगणारी माहिती प्रशासनाजवळ असावी लागते. चितळे समितीने मिठी नदी, नाले आणि पर्जन्यजलवाहिन्या यांची जी चिकित्सा केली, तिचे मोल वादातीत आहे. मात्र पाण्याच्या प्रवाहाइतका माहितीच्या प्रवाहाचा विचार या दुर्घटनेवरील चर्चेत कधीच झाला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात भूगोल नेमका उलटला. यावेळी संकट प्रामुख्याने दक्षिणेत होते (विलेपार्ले येथील टॅक्सीतील स्फोट हा अपवाद) आणि मदत उत्तरेकडून, उपनगरातील विमानतळावर उतरून, बसने दक्षिणेकडे आली. नौदलाचे ‘मार्कोस’ मध्यरात्रीनंतर ताजमध्ये पोहोचले. मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा दल येईपर्यंत सकाळ झाली. १६६ जणांचे प्राण गेले, त्यांत परदेशी नागरिकही होते, आणि नरिमन हाऊसमुळे या प्रसंगाला थेट आंतरराष्ट्रीय परिमाण लाभले. राष्ट्रीय सुरक्षा दल हे स्वतःच एक संमिश्र रूप आहे : ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असले तरी त्याच्या प्रमुख कारवाई गटातील जवान सैन्यातून येतात. अशा दलाला पोलीस, नौदल आणि स्थलसेना यांच्या शेजारी उभे करताना एकूण सूत्रे कोणाकडे, हा अभ्यासाचा खरा प्रश्न होता. तो प्रधान समितीच्या कक्षेबाहेरच राहिला, कारण समितीला मुंबई पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करावयाची होती. समितीला दोष देण्याचे कारण नाही. कार्यकक्षा शासनाने ठरविली होती. परंतु परिणाम असा झाला की दोन यंत्रणा जेथे जोडल्या जातात, तो सांधा कोणीच तपासला नाही. उपाय मात्र झटपट योजला गेला. २००९ मध्ये अंधेरीतील मरोळ येथे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र सुरू झाले. अंतराचा प्रश्न त्याने सोडविला. आदेशाचा प्रश्न अंतराचा नाही.

‘लष्कराला पाचारण’ हा मराठी वृत्तपत्रांचा रुळलेला शब्दप्रयोग या संदर्भात तपासण्यासारखा आहे. त्यात लष्कराचे आगमन हीच कृती ठरते आणि पाचारण करणाऱ्याने पुढे काय करावयाचे, हे अध्याहृत राहते. सप्टेंबर २०१७ मधील एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर पादचारी पूल बांधण्यासाठीही लष्कराला बोलाविण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो पूल खुला झाला. पूल उत्तम झाला, म्हणून टीका फारशी टिकली नाही. तथापि ‘शेवटचा उपाय’ हे ऑस्लोचे तत्त्व आपल्याकडे किती सैल झाले आहे, हे दाखविणारा याहून बोलका दाखला मिळणार नाही. रेल्वेच्या नेहमीच्या कामाला तुल्यबळ नागरी पर्याय नव्हता, असे कोण म्हणेल ?

आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. त्याचे अध्यक्षपद महापालिका आयुक्तांकडे व उपाध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. इतर सदस्य राज्य शासनाने ठरवावयाचे आहेत. अशा प्राधिकरणात कांदिवली, घाटकोपर किंवा मालाड येथील लष्करी आस्थापनेच्या प्रतिनिधीला संकटापूर्वीच जागा द्यावयाची किंवा नाही, हे ठरविण्यास कायद्याची अडचण नाही.