स्टॉक कार शर्यत : आकर्षण आणि आक्षेप

नॅस्कारवर 'केवळ डावीकडे वळत राहण्याचा खेळ' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो वरवरचा आहे. डेटोनाच्या अडीच मैलांच्या, वळणांवर ३१ अंश कललेल्या धावपट्टीवर पुढील गाडीच्या मागे राहून हवेचा विरोध चुकवावा लागतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याशीच तात्पुरते सख्य जोडावे लागते. या खेळाचे खरे आकर्षण तेथे आहे. (दुकानातल्या मोटारीशी या गाडीचे साम्य आता दिसण्यापुरतेच उरले आहे.)

गंभीर आक्षेप वेगळा आहे. १९८७ साली टॅलाडेगा येथे बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली. १९८८ पासून या दोन धावपट्ट्यांवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी चकती सक्तीची झाली. वेग घटला; परंतु गाड्यांची शक्ती जवळपास सारखी झाल्याने त्या एकाच घोळक्यात धावू लागल्या, व एकाची चूक अनेकांना भोवू लागली. सुरक्षेच्या उपायातूनच नवा थरार निर्माण झाला, आणि तोच प्रेक्षकांना विकला गेला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे शेवटच्या प्रदक्षिणेत डेल अर्नहार्ट मृत्युमुखी पडले. मस्तक व मान सावरणारे साधन त्यानंतर, त्याच वर्षी सक्तीचे झाले. २०१९ साली चकतीची जागा दुसऱ्या साधनाने घेतली. घोळका मात्र कायम आहे.